तिच्या नावाची खोली

गेटवर ‘खोली भाड्याने देणे आहे’ अशी पाटी दिसली, की आपा स्कूटीचा ब्रेक असा दाबायची की माझं हेल्मेट तिच्या हेल्मेटवर आपटायचं. मग मागं न बघताच म्हणायची, “चल, बघायला काय जातंय?”

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. एका जागी दहा मिनिटं बसली, की यांच्या पायाला मुंग्या येतात.

गुलमंडीजवळच्या एका चष्म्याच्या दुकानात आम्ही दोघी कामाला होतो. ती काचा बसवायची, मी काउंटर बघायची. मी सिल्लोडकडच्या खेड्यातली. आमच्या घरात बी.कॉम. झालेली पहिली, आणि हे मी कुणी न विचारताही सांगते. शहरात येऊन दोन महिने झाले होते, पण होस्टेल आणि दुकान यापलीकडं मी काही बघितलं नव्हतं. कुणी ‘चल’ म्हटलं की माझं ‘नको’ तयार असायचं. वडील फोनवर म्हणायचे, जमत नसलं तर ये माघारी. बॅग मी अर्धी भरलेलीच ठेवली होती.

आपाही मूळची सिल्लोडचीच. पन्नाशीला आलेली. घरात दखनी उर्दू बोलायची, पण तिची मराठी माझ्याहून गावरान. नवऱ्याला सोडून आली तेव्हापासून भावाच्या घरातल्या एका खोलीत राहायची. आता भाच्याचं लग्न ठरलं होतं. नवी सून येणार, तिला खोली लागणार. आपाला कुणी जा म्हणालं नव्हतं. “कोणी म्हणायच्या आत निघायचं,” ती म्हणायची. मोहल्ल्यात खोल्या होत्या, पण तिथं ती अमक्याची बहीण म्हणून राहिली असती. तिला खोली स्वतःच्या नावावर हवी होती. लग्नाला तीन महिने होते.

रविवारी दुकान बंद. पहिल्या रविवारी तिनं मला विचारलंच नाही, नुसतं हेल्मेट हातात दिलं. मला नाही म्हणायला वेळच मिळाला नाही.

हे शहर मी लोकांच्या स्वयंपाकघरांतून पाहिलं. एका घरात बाईंनी बाळ माझ्या हातात दिलं आणि आपाला गच्ची दाखवायला घेऊन गेल्या. बाळ अर्धा तास माझ्याकडं! एका गच्चीवर चाळीसेक कबुतरं होती, मालक एकेकाची ओळख करून देत होता. खोली तिथं नव्हतीच. पाटी शेजारच्या घराची होती, तरी आम्ही दोन कप चहा पिऊन निघालो.

खोली मात्र मिळेना. एकटी बाई म्हटल्यावर निम्मे म्हणायचे, आम्हाला फॅमिली पाहिजे. नाव सांगितल्यावर उरलेल्यांना आठवायचं, की खोली कालच दिलीय. आपा तशीच उठायची नाही. चहा संपवायची. मालकाचा चष्मा नाकावरून घसरताना दिसला, की पर्समधला बारका स्क्रूड्रायव्हर काढून तो कसून द्यायची. नाही म्हणणाऱ्यांचे किती चष्मे तिनं नीट केले असतील!

मला राग यायचा. तिला यायचा की नाही, कळायचं नाही. गाडी मात्र ती नंतर जोरात चालवायची.

लग्न वीस दिवसांवर आलं तेव्हा एक खोली अगदी मनासारखी मिळाली. पूर्वेची खिडकी, वेगळा जिना. मालकीणबाई आपाच्या बोलण्यावर खूश होत्या, त्याही आमच्याच भागातल्या. त्यांनी आडनाव विचारलं. आपानं तोंड उघडायच्या आत मी माझं आडनाव ठोकून दिलं. म्हटलं, माझी मावशी आहे. बाई म्हणाल्या, मग काय, आपलीच माणसं, उद्याच सामान आणा.

मला वाटलं, मी केवढी हुशारी केली.

आपानं कप खाली ठेवला. आपलं पूर्ण नाव सांगितलं, भावाच्या मोहल्ल्याचंही सांगितलं. बाई माझ्याकडं बघायला लागल्या. मग म्हणाल्या, आमच्या ह्यांना विचारावं लागेल.

गाडीपाशी आल्यावर आपा म्हणाली, “खोटं कामून बोललीस?”

“खोली मिळत होती, आपा.”

“तुला मिळत होती. मी तुझ्या नावात किती दिवस ऱ्हायचं?”

मी हेल्मेट घालून मागं बसले. त्या आठवड्यात ती माझ्याशी कामापुरतंच बोलली. फ्रेम दे, कापड दे, एवढंच. रविवारी सकाळी मीच हेल्मेट घालून तिच्या भावाच्या गल्लीत जाऊन उभी राहिले. ती आली, माझ्याकडं बघितलं आणि गाडीला किक मारली.

हर्सूलला जेलच्या नोकरीतून रिटायर झालेल्या एका काकांच्या गच्चीवर खोली होती. आपानं दारातच नाव सांगितलं, एकटी राहणार तेही सांगितलं. काका म्हणाले, “गेट दहाला बंद. मला तीस वर्षांची सवय आहे. पाणी आठवड्यानं येतं. ड्रम किती आहेत?”

“दोन.”

“तीन लागतील.”

एवढंच. अकरा महिन्यांचा करार झाला. साक्षीदार म्हणून मी सही केली आणि सहीपुढं बी.कॉम. लिहिलं. आपा हसत म्हणाली, आता कोर्टबी मानंल. भाच्याच्या लग्नाला ती पाहुणी म्हणून गेली आणि जेवण होताच उठली. भाऊ म्हणाला, आज इथंच राहा. ती म्हणाली, गेट बंद होतं माझ्या घरचं.

तुम्हाला वाटेल, आता तरी ती स्थिर झाली असेल. नवव्या महिन्यात नाशिकहून चष्म्याच्या एका नव्या दुकानाचं बोलावणं आलं. मी म्हटलं, आपा, एवढ्या मुश्किलीनं खोली मिळाली. ती म्हणाली, “मिळाली ना? मग झालं. आता जायला भ्या नाय वाटत.” आणि बसनं गेली. स्कूटी मला दिली, वर खोलीची चावीही, काकांना देऊन ये म्हणून.

मी हर्सूलला गेले. काका गेटपाशी पेपर वाचत होते. मी चावी पुढं केली. त्यांनी ती घेतली नाही.

म्हणाले, “करार अजून दोन महिने आहे. तोवर खोली त्यांची.”

मग मी वर गेले. कुलूप काढलं. आत काही नव्हतं. फरशी लख्ख पुसलेली, खिडकी उघडी. जरा वेळ मधोमध उभी राहिले, पण दुसऱ्याच्या घरात न विचारता किती वेळ थांबायचं? खिडकी लावून घेतली, दाराला कुलूप घातलं, दोनदा ओढून बघितलं आणि खाली आले.