रोझाव्वाच्या अंगठ्याची रेघ

चैत्र लागला की वडगावातल्या आमच्या गल्लीत बायका पाट टाकून नखुल्या करायला बसत आणि त्या बायकांच्या रांगेत एक मिशीवाला गडी मांडी घालून बसे. तो महादूअण्णा. पलटणीत लांगरी होता, म्हणजे जवानांचा स्वयंपाकी. रव्याच्या घट्ट पिठाची एवढीशी गोळी नखाखाली दाबून वळवायची, हे काम बायकांचंच. त्यातून आमची विणकरांची गल्ली, इथं पुरुषानं मागावर बसावं, पाटाजवळ नव्हे. म्हाताऱ्या पदर तोंडाला लावून हसत. अण्णा मान वर न करता म्हणे, "हसा की. अख्ख्या पलटणीला जेवाय घातलंय ह्या हातानं. तवा कोण हसलं न्हाई."

मी निपाणीची. लग्न होऊन त्याच्या शेजारच्या घरात आले. सातवी पास, म्हणून गल्लीची पत्रं लिहिणं-वाचणं माझ्याकडे आलं. नखुल्यांत तर माझा हात धरणारं कुणी नव्हतं. हे मी म्हणत नाही, अण्णाची आई तायव्वा म्हणायची, आणि ती कुणाला सहजासहजी बरं म्हणणारी बाई नव्हती.

युद्ध संपलं आणि अण्णा इटलीहून परत आला, तेव्हा लोक त्याला लढाईचं विचारायला येत आणि जेवणाचं ऐकून जात. रोमला काय बघितलंस म्हटलं की सांगे, "कुस्त्यांचं एक दगडी मैदान हाय. निम्मं पडलंय, तरी सगळं वडगाव आत बसंल. पर त्याच्या मागच्या बोळात एका बाईनं शेवया दिल्या. मेंढीच्या दुधाचा वाळवलेला गोळा वर किसला, मिरपूड टाकली, झालं. दुसरं काय बी न्हाई. आणि काय लागलं म्हणून सांगू." पिसाचा मनोरा कललाय तर पडत का नाही, असं मी एकदा विचारलं. अण्णा म्हणाला, "सासुरवाशिणीगत हाय त्यो. कललाय, पर पडत न्हाई." मी त्यानंतर त्याला मनोऱ्याबद्दल काही विचारलं नाही.

फ्लॉरेन्सला सगळे पूल उडवलेले, सोनारांच्या दुकानांचा एकच पूल उभा होता, तो त्यानं बघितला होता. पण त्याच्या डोळ्यांत चमक यायची ती डोंगरातल्या मक्याच्या पिठाची गोष्ट सांगताना. पीठ शिजवून फळीवर ओततात आणि वड्या पाडतात त्या सुरीनं नव्हे, दोऱ्यानं. मागावरचा दोरा ताणून तो आम्हाला पिठल्याच्या वड्या तशा पाडून दाखवी.  एकदा मला म्हणाला, "तिथं हुतो तवा वडगाव दिसायचं. आता हितं बसलं की रोझाव्वाचं अंगण दिसतंय. दोन घरी जेवलेला माणूस कुठंच पोटभर जेवत न्हाई, आक्का."

रोझाव्वा म्हणजे रोझा. पलटण ज्या बंदरावर उतरली, त्याच्या जवळच्या खेड्यातली म्हातारी. तिला 'अव्वा', म्हणजे आई, हे अण्णानंच जोडलं. हा भाजीपाला मागायला गेला आणि तिच्या चुलीपाशीच बसला. ती रव्याच्या पिठाचे छोटे कान करायची. सुरीनं गोळी ओढायची, अंगठ्यावर उलटवायची की कान तयार. कडवट पाला आणि लसूण घालून वाढायची. अण्णानं पहिला घास खाल्ला आणि म्हणे रडला. "आईच्या नखुल्या समुद्र ओलांडून आल्यात असं वाटलं," म्हणाला.

तिचा एकुलता एक मुलगा पिएत्रो, अण्णाच्या तोंडी पेत्रू, आफ्रिकेच्या लढाईत पकडला गेला होता आणि कैदी म्हणून आपल्याकडे बंगळूरच्या छावणीत होता. माझा पोरगा तुझ्या देशात आणि तू माझ्या चुलीपाशी, असं ती म्हणायची. परतीचं जहाज त्याच बंदरातून सुटणार होतं. तेव्हा तिनं वाळवलेल्या कानांची, आपल्या रुमालात बांधलेली पुरचुंडी अण्णाच्या हातात दिली. माझ्या पेत्रूच्या हातात दे, दुसऱ्या कुणाच्या नको, म्हणाली. अण्णानं शब्द दिला.

घरी आला त्या दिवशी ट्रंक ठेवून तो पलटणीच्या छावणीत हजेरीला गेला. तायव्वानं ट्रंक उघडली. रुमालात नखुल्या. तिला वाटलं, लेकानं परमुलखातून आईसाठी आणल्या. लेक जिवंत परत आलेला, घरात नखुल्या, मग कुठली बाई थांबेल? दूध-गूळ घालून खीर केली, देवाला दाखवली, गल्लीत घरोघर वाटीभर पाठवली. मीही खाल्ली. प्रत्येक नखुलीला मधोमध एक बारीक रेघ होती. मनात म्हटलं, कुणाचा तरी हात कच्चा दिसतोय.

अण्णा परत आला. तायव्वानं कौतुकानं त्याच्यासाठी राखलेली वाटी पुढं केली. त्यानं वाटीत बघितलं आणि आधी ट्रंक उघडली. पुरचुंडी कुणासाठी होती ते आईला सांगितलं आणि खीर तोंडाला लावली नाही. ती वाटी शेवटी गाईला गेली. तायव्वा पुढं कितीतरी दिवस एकच वाक्य बोलायची, "माझ्या हातानं एका आईच्या लेकराच्या तोंडचं काढलं रं."

दुसऱ्या दिवशी अण्णा माझ्या दारात. "आक्का, तुझा हात चांगला हाय. मला शिकीव. तेवढी पुरचुंडी परत भराय पायजे." मी रवा मळला, दोघं बसलो. तो सांगे तसा आकार आणला. रेघ मला आठवत होती. पण माझ्या हातून खोट असलेली नखुली जायची नाही, एवढा गर्व होता मला. मी सगळे कान गुळगुळीत केले. अण्णाला म्हटलंसुद्धा, बघा, तुमच्या रोझाव्वापेक्षा स्वच्छ झालेत. त्याच्या ध्यानात काही आलं नाही. ते वाळवून, त्याच रुमालात बांधून, साहेबाची चिठ्ठी घेऊन तो बंगळूरला गेला.

आल्यावर त्यानं सांगितलं ते असं. पेत्रूनं रुमाल ओळखला, डोळ्यांना लावला. मग एक कान उचलून उजेडात धरला. दुसरा धरला. तिसरा.  म्हणाला, "माझी आई गेली का?" रोझाव्वाचा अंगठा विळ्यानं कापला होता, नखापासून खालपर्यंत व्रण. तिच्या हातच्या प्रत्येक कानावर ती रेघ उमटायची. लहानपणापासून तो ती रेघ जिभेनं शोधत आलेला. हे कान दुसऱ्या कुणीतरी केलेत, म्हणजे आई उरली नाही, असा त्यानं अर्थ लावला.

"मग काय केलंत?" मी विचारलं.

"काय करणार. तोडक्यामोडक्या बोलीत सगळं खरं सांगितलं. माझ्या आईची खीर, तू, मी. त्याला खरं वाटंना. मग त्याच्या आईची नक्कल केली. कोंबड्या हाकलताना शिव्या कशा देती, वाढताना पळी कशी आपटती. तवा हसाय लागला. हसता हसता रडला. म्हणला, जिवंत हाय. ह्या शिव्या तिच्याच."

मला अण्णानं कधी बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं.

पुढच्या वर्षी कैद्यांना घरी सोडल्याचं कानावर आलं. तेव्हापासून अण्णा पत्राची वाट बघू लागला. दुपारी टपालवाला गल्लीत शिरला की त्याच्या मागाचा आवाज थांबायचा. "मायलेकरांची गाठ पडली एवढं कळलं की माझं जेवण पचंल," म्हणायचा. दोन चैत्र तो असा माझ्या शेजारी बसून नखुल्या करत राहिला.

पत्र आलं ते देश स्वतंत्र झाला त्या वर्षी. इटलीच्या भाषेतलं, मला वाचता येईना. आम्ही दोघं ते घेऊन कॅम्पातल्या चर्चच्या पाद्रीबाबांकडे गेलो. त्यांनी वाचून मराठीत सांगितलं. पेत्रू घरी पोचला होता. रोझाव्वा त्याच्या आधी दोन महिने गेली होती. घरात डबे हुडकले, तर तिच्या हातचं काही उरलं नव्हतं. शेवटचे कान तिनं त्या पुरचुंडीतच बांधले होते. खाली त्यानं लिहिलं होतं, 'तुमच्या गल्लीवर माझा राग नाही. पण माझ्या आईच्या हातचं शेवटचं तुम्ही खाल्लंत. ते कसं लागलं, तेवढं मला लिहून कळवा.'

घरी येऊन मी कागद घेतला. अण्णा भिंतीला टेकून बसला होता. तायव्वा त्या पावसाळ्यातच वारली होती. "तू लिही, आक्का," तो म्हणाला. "मी तर तोंडाला लावली न्हवती. लावाय पायजे हुती गं."

मी टाक शाईत बुडवला. दूध, गूळ, वेलची यातलं काहीच लिहावंसं वाटेना. मग लिहिलं, 'गोड होतं. आणि प्रत्येक घासाला तिची रेघ जिभेला लागत होती.'