अर्ध्या यीस्टचं पातेलं

आमच्या प्रयोगशाळेत माणसं अकरा आणि फळमाश्या लाखभर. अकरा माणसं आपापला डबा आणतात. लाखभर माश्यांचा स्वयंपाक एकट्या काकू करतात.

जिन्याखालच्या खोलीत त्यांचं स्वयंपाकघर. मक्याचं पीठ, साखर, यीस्ट आणि सगळं थिजवायला अगार. पातेलं उतरवून जरा निवलं की थर्मामीटर लावण्याआधी काकू हाताची मागची बाजू त्याला टेकवून आकडा सांगतात. दोन अंशांपलीकडे त्या चुकल्याचं मी पाहिलेलं नाही. मग बुरशी धरू नये म्हणून थोडं ॲसिड घालायचं आणि तीनशे बाटल्या भरायच्या. प्रत्येक पातेल्याच्या बाटल्यांच्या गळ्यात वेगळ्या रंगाचा दोरा. हे त्यांना कुणी सांगितलेलं नाही. आधी सतरा वर्षं त्या एका इस्पितळाच्या स्वयंपाकघरात होत्या. कुणाला काही बाधलं तर ते कुठल्या पातेल्यातलं हे कळायला हवं, ही तिथली सवय.

घरी या नोकरीची चेष्टा चालते. नवरा म्हणतो, "घरच्या भाजीत मीठ विसरतेस, आणि माश्यांना मात्र तोलूनमापून!" सून म्हणते, "आई, आधी हात धुवा, मग बाळाला घ्या." त्या ॲसिडचा वास दोनदा साबण लावूनही जात नाही.

मी इथे आले त्या आठवड्यात काकूंनी विचारलं होतं, "तू काय करतेस गं या माश्यांचं?"

"अळीच्या अंगात पुढे पंख होणारी एक चकती असते. या अळ्यांना दिवसभर उबेत ठेवलं की त्या चकतीतल्या पेशी मरतात, अशी सोय केलीय. मग उरलेल्या पेशी पंख पुन्हा घडवतात का, ते बघायचं."

"पालीच्या शेपटीसारखं?"

"तसंच."

"आधी मोडायचं, मग जुळतंय का बघत बसायचं. शिकलेल्यांची तऱ्हाच न्यारी!"

एक जनुक बदललेली माश्यांची जात घडवायला मला दीड वर्ष लागलं. पहिल्याच मोठ्या प्रयोगात ते जनुक न बदललेल्या साध्या माश्यांना पंखांच्या जागी खुंट आले, आणि माझ्या जातीचे पंख जवळजवळ पूर्ण भरले. मी हवेत होते. सोमवारी हे परीक्षकांसमोर मांडायचं होतं. त्यावर माझी पदवी अवलंबून होती.

शुक्रवारी काकू रिकाम्या बाटल्या धुवायला न्यायला आल्या आणि माझ्या ट्रेपाशी थबकल्या.

"पोरी, साध्या माश्या सगळ्या पिवळ्या दोऱ्यात आणि तुझ्या सगळ्या निळ्या दोऱ्यात, असं का?"

"पिवळ्या संपल्या, म्हणून पुढच्या पातेल्यातल्या घेतल्या."

काकू स्टुलावर बसल्या. "निळ्या पातेल्यात यीस्ट निम्मंच होतं. पोतं संपलेलं, भांडारवाले रजेवर. म्हटलं, एक दिवस भागेल. सांगायचं राहिलं बघ." मग हळूच म्हणाल्या, "कोष करायच्या आधी अळ्या बाटलीच्या भिंतीवर चढतात ना? निळ्यातल्या दोन दिवस उशिरा चढल्या. मला वाटलं, तुझी जातच आळशी."

यीस्ट कमी पडलं की अळ्या सावकाश वाढतात. दोन दिवस जास्त मिळाले, म्हणजे पंख भरायलाही दोन दिवस जास्त. माझ्या जनुकाने काहीच केलं नसेल. दोन्ही जातींना एकाच पातेल्यातलं खाणं द्यायचं, हे इथे पहिल्या दिवशी शिकवतात. घाईत मीच ते केलं नव्हतं.

त्या बाटल्या धुवायलाच निघाल्या होत्या. काकूंनी त्या मुकाट्याने टबात टाकल्या असत्या, तर दोरे गेले असते आणि त्यांची चूक कुणाच्या बापालाही कळली नसती.

"मॅडमना मी सांगते," त्या उठल्या. "पातेलं माझं होतं."

"बाटल्या मी उचलल्या, काकू."

दोघी प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमकडे गेलो. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. "सोमवारचं पुढे ढकलते. पुन्हा करा, एकाच पातेल्यातून."

तीन आठवड्यांनी दोन्हीकडे खुंटच आले. दीड वर्ष पाण्यात. मी जिन्याखाली जाऊन त्याच स्टुलावर बसले आणि मला रडू फुटलं.

काकूंचा ढवळणारा हात थांबला नाही. खाली लागलं असतं. "रडून घे. पण मला एक सांग, तुझ्या त्या साध्या माश्यांनाच मी मुद्दाम निम्मं यीस्ट दिलं तर? त्यांनाही दोन दिवस जास्त मिळतील ना?"

मी नाक पुसायचंही विसरले.

मॅडमनी हो म्हटलं. या वेळी एकच जात, दोन पातेली. काकूंनी यीस्ट दोनदा तोललं आणि काट्यावरचा आकडा मला मोठ्याने वाचायला लावला. मग मला खोलीबाहेर काढलं. कुठला दोरा कुठल्या पातेल्याचा, हे फक्त त्यांच्या कमरेच्या बटव्यातल्या चिठ्ठीत होतं. "तुला कळलं तर तुझा डोळा लबाडी करेल," हे त्यांनीच सांगितलं.

मी चारशे माश्यांचे पंख तपासले. लाल दोऱ्याचे बरेचसे भरलेले, हिरव्याचे खुंट. काकूंनी चिठ्ठी उलगडली आणि चष्मा नसल्यामुळे हात लांब धरून वाचली.

"लाल... निम्मं."

पदवीचा प्रबंध आता त्या दोन दिवसांवरच लिहायचा होता. लाल दोऱ्यातला एक पंख ठेवून मी त्यांना सूक्ष्मदर्शकासमोर बसवलं. सहा वर्षं माश्यांना जेवू घालून त्यांनी त्यात कधी पाहिलं नव्हतं. बराच वेळ त्या डोळा लावून होत्या.

"अगं बाई," त्या म्हणाल्या, "याला शिराबिरा सगळं आहे की! बघ, आणि मी कमी वाढलं म्हणून!"