एकाच दिवशी दोनदा पाहिलेला पिक्चर

उडणाऱ्या माणसाचा तो इंग्रजी पिक्चर मी जळगावात पाहिला तेव्हा चौथीत होते. एकदा पाहिला आणि त्याच दिवशी लगेच दुसऱ्यांदाही. असोद्याच्या आमच्या शाळेत हे कुणालाही खरं वाटलं नाही. टॉकीजमध्ये जायला मिळणं हीच वर्षा-दोन वर्षांतली गोष्ट. सलग दोन खेळ कोण दाखवणार?

मला ते आत्याने दाखवले. आत्या म्हणजे वडिलांची धाकटी बहीण. लग्न होऊन ती सावद्याला गेली होती, पण तेव्हा महिनाभर आमच्याकडेच होती. का, ते मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मी विचारलंही नव्हतं. ती माझ्या वेण्या घालायची, पाढे म्हणून घ्यायची, तेवढं मला पुरेसं होतं. त्या रविवारी मळ्यात केळीची कापणी होती. माझे वडील, त्यांना मी नाना म्हणते, मळ्यात जाता जाता मला म्हणाले, "आत्यासंगे जळगावले जाय. तिले कापड घेनं आहे. येतांना आपल्या गावातल्या कंडक्टरच्या गाडीत बस."

स्टँडवर उतरल्यावर आत्या जरा थबकली. हातात कापडी पिशवी होती, चांगली फुगलेली. तिने समोरच्या बाकांकडे एकदा पाहिलं, माझा हात धरला आणि झपझप रस्ता ओलांडून टॉकीजकडे निघाली.

"कापड घ्यायचंय ना?" मी विचारलं.

"आधी पिक्चर बघू."

पडद्यावर चंदेरी पोशाखातला एक उंच माणूस होता. तो उडायचा, भिंती फोडायचा, दोन हातांनी मोटारी थोपवायचा. बोलणं सगळं इंग्रजी. आत्या दहावी पास होती, पण गोऱ्या लोकांचं ते भराभर बोलणं तिलाही कळत नव्हतं. तरी ती माझ्या कानाशी लागून गोष्ट सांगत राहिली.

"ती पिवळ्या केसांची आहे ना, ती त्या घरातली सून. काळ्या कोटातला म्हातारा तिचा सासरा. तो तिला माहेरी जाऊ देत नाही."

"आणि हा उडणारा?"

"तिचा भाऊ. तिला न्यायला आलाय."

मध्येच भाऊ आणि बहीण एकदम फार जवळ आले, मागच्या बाकांवरून शिट्ट्या वाजल्या आणि आत्याने पदराने माझे डोळे झाकले. मी त्यावर काही विचार केला नाही. पुढे ती बाई एका खोलीत अडकते, बाहेरून आग लागते आणि तो भिंत फोडून आत येतो. तेवढ्या वेळात मात्र आत्या एक अक्षर बोलली नाही. तिने माझी बोटं इतकी आवळून धरली होती, की मला ती सोडवून घ्यावी लागली.

खेळ सुटल्यावर ती फाटकापर्यंत आली, स्टँडच्या दिशेला पाहिलं आणि म्हणाली, "पुन्हा बघायचा?"

असा प्रश्न मला आयुष्यात कुणी विचारला नव्हता.

संध्याकाळी आम्ही दोघी घरी पोचलो तर नाना ओट्यावर उभे होते. ते नुसते आत्याकडे बघत राहिले. ती पिशवी घेऊन आत गेली, तशी त्यांनी मला एक थोबाडीत दिली. न विचारता पिक्चर बघणं किती मोठा गुन्हा आहे ते मला त्या दिवशी समजलं, असं मी पुढं कित्येक वर्षं धरून चालले होते.

आत्या सावद्याला परत गेली नाही. पुढच्या वर्षी ती नर्सिंगच्या ट्रेनिंगला धुळ्याला गेली आणि तिथल्याच एका खेड्यातल्या दवाखान्यात लागली. तिच्या नवऱ्याने दुसरं लग्न केलं, एवढं कानावर आलं. मी बी. एड. साठी धुळ्याला गेले तेव्हा नव्वदचं दशक सरत आलं होतं. ती धुळ्यातूनच जाऊन-येऊन करायची, मी तिच्याच खोलीवर राहायचे. तिने नुकताच टीव्ही घेतला होता, केबलही घेतली होती.

एका रविवारी दुपारी भाजी निवडताना मी चॅनल बदलत होते आणि तो चंदेरी माणूस समोर आला. आता तो हिंदी बोलत होता. मी आत्याला हाक मारली. ती हात पुसत येऊन बसली.

पोशाखाला गुडघ्यांवर चुण्या पडत होत्या. उडताना पाठीमागची तार चक्क दिसत होती. आणि गोष्ट भलतीच निघाली. ती बाई प्रयोगशाळेत काम करणारी, काळ्या कोटातला म्हातारा तिच्या कंपनीचा मालक आणि तो उडणारा तिचा प्रियकर. मी हसून हसून लोळायची बाकी होते.

"आत्या, सासरा कुठाय?"

तीही हसली. मग तो आगीचा प्रसंग आला. भिंत पुठ्ठ्याची होती, फुटण्याआधीच हलली.

"तेव्हा खरी वाटली होती," ती म्हणाली. मग तशीच पडद्याकडे बघत बोलू लागली. "त्या दिवशी कापड घ्यायचं नव्हतं गं. सासरचे लोक मला न्यायला स्टँडवर येणार होते. मोठ्या माणसांचं तसं ठरलं होतं."

"मग माझं काय?"

"तुला ते गाडीत बसवून देणार होते. घरून कुणीतरी सोबत हवं म्हणून तुला पाठवलं." तिने भाजीची एक काडी उचलून बोटांत फिरवली. "ती माणसं शेतात जाताना मला आत ठेवून बाहेरून कुलूप लावायची. दिवसभर. एकदा शेजारी कडब्याची गंजी पेटली, धूर आत आला. मी दार बडवत होते."

"नानांना सांगितलं नाहीस?"

"भाऊला तीनदा सांगितलं. तो म्हणाला, नवं नवं आहे, होईल नीट." तिने काडी खाली ठेवली. "बाकावर ते बसलेले दिसले आणि माझे पाय तिकडे वळेचनात. एका खेळानंतर बाहेर आले तरी तिथंच होते. दुसऱ्या खेळानंतर नव्हते."

माझ्या बालपणातला सगळ्यात लाडका, मी आजवर सगळ्यांना रंगवून सांगितलेला तो दिवस, तिच्यासाठी सहा तास जीव मुठीत धरून बसणं होतं. आणि तेवढ्यातही माझ्यासाठी ती गोष्ट रचत होती.

"तुला मारलं होतं का भाऊने?" तिने विचारलं. तिला ते माहीत नव्हतं. ती तेव्हा आत गेली होती.

"नाही," मी म्हणाले.

दिवाळीत घरी गेले तेव्हा नाना एकटे असताना मी त्यांना कुलपाचं विचारलं. त्यांनी नाही म्हणून टाकलं असतं तर मला सोपं गेलं असतं.

"माहीत होतं," ते म्हणाले. "तिनं सांगितलं होतं मले." मग म्हणाले, "त्या संध्याकाळी ती परत आली ना, तेव्हा माह्या जिवात जीव आला. पन तोंडानं निंघालं नाही."

त्यानंतरच्या उन्हाळ्यात ते पहिल्यांदाच आत्याच्या खोलीवर आले. दोन दिवस राहिले. माफी वगैरे कुणी मागितली नाही. दोघं भाऊ-बहीण पंख्याखाली बसून तिच्या दवाखान्याचं बोलत होते. किती खेडी फिरावी लागतात, सुई टोचायला गेलं की पोरं कशी पळतात, आणि नाना एकेक गोष्ट पुन्हा पुन्हा विचारत होते.