आत्यासाठी निवडलेले सिनेमे

लिहिण्याचा आपला अधिकार नाही, हे मला ठाऊक आहे. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलं नव्हतं, आणि मी गेलो तो काही सिनेमावर लिहिण्यासाठी नव्हे. तरी हे लिहितो आहे, वाचकांनी सांभाळून घ्यावं.

कॉलेजची चार वर्षं मी कल्याणला आत्याकडे राहिलो. आमच्या खडवलीला तेव्हा गाड्या मोजक्याच थांबत, रोजचं जाणं-येणं जमणारं नव्हतं. जेवू घालण्याच्या बदल्यात आत्यानं माझ्याकडून एकच गोष्ट मागितली. पहिल्या दिवाळीला तिनं एक सिनेमा पाहिला होता. त्यात दोघांची ताटातूट होते, भलते गैरसमज होतात आणि शेवटी नदीच्या घाटावर भेट होते. पुढे आठ दिवस चुलीपुढे बसून ती मला तोच सांगत होती. नवव्या दिवशी म्हणाली, "तू शिकलेला ना रे? मग असाच दुसरा शोध. पण शेवटी दोघं भेटली पाहिजेत हं."

आतोबांची परवानगी सणाला एका सिनेमाची. म्हणजे निवड चुकली की थेट पुढच्या सणापर्यंत थांबायचं. तिच्या उपकारांची फेड मला दुसऱ्या कशानं करता येण्यासारखी नव्हती, म्हणून मी हे काम अभ्यासासारखं घेतलं.

थेटराबाहेर गाण्यांची चोपडी मिळायची. तिच्यात गोष्टही असे, पण ऐन रंगात आली की 'पुढे काय झाले ते पडद्यावर पाहा' म्हणून थांबायची. मी ती आत्याला वाचून दाखवी.

"मग पुढं?"

"पुढचं छापलेलं नाही, आत्या."

"एवढं इंग्रजी शिकतोस आणि एक शेवट सांगता येत नाही?"

वर्गात डोंबिवलीचा एक जण सगळे सिनेमे पाहायचा. त्याला विचारलं तर म्हणाला, "शेवट कोण बघतो? शेवटचं गाणं झालं की मी बाहेर."

तेव्हा मीच एक युक्ती काढली. तीनचा खेळ सुटताना थेटराच्या बायकांच्या दारासमोर, रस्त्यापलीकडे उभं राहायचं. बायका डोळे पुसत पण बोलत आल्या, तर भेट झाली. मुकाट आल्या, तर घात. संक्रांतीच्या आदल्या दिवशी सगळ्या चक्क हसत बाहेर आल्या. मी घरी येऊन छातीठोकपणे सांगितलं, "हाच."

दुसऱ्या दिवशी आत्या शेजारच्या काकूंबरोबर गेली. सिनेमात नायिका क्षयानं मेली. आदल्या दिवशी तिच्या ऐन मरणाच्या वेळी पडद्यासमोरून एक मांजर रमतगमत गेलं होतं, ही हकिगत दारवानानं मला मागाहून सांगितली.

घरी येऊन आत्यानं माझ्या हातावर तिळगूळ ठेवला, पण बोलली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिळगूळ देऊन वर दोन दिवस अबोला, अशी संक्रांत मी दुसरी पाहिली नाही.

त्यानंतर मी फार सावध झालो. तीन-तीन दिवस दारासमोर उभा राही, दारवानाशी ओळख ठेवी. पुढच्या प्रत्येक सिनेमात दोघं भेटली, बहुतेकांत लग्नच झालं. आत्या घरी यायची, "बरा होता," म्हणायची आणि भाजी चिरायला घ्यायची. चुलीपुढे मात्र तिनं पुन्हा एकही सांगितला नाही. त्या एका चुकीची माफी काही मिळालेली नाही, असंच मी धरून चाललो.

परीक्षा झाली, ठाण्याला शाळेत नोकरी लागली, मी तिकडेच खोली घेतली. वर्षभरानं आत्याचं कार्ड आलं, तिनं सांगितलेलं आणि काकूंनी लिहिलेलं.

"तो संक्रांतीचा सिनेमा परत लागला आहे. मंगळवारी पाहिला, गुरुवारी पुन्हा पाहिला. गुरुवारी हे पण आले होते. दोन्ही वेळेला ती मेली. फार छान वाटलं. तू निवडलेल्यांत तोच एक खरा. बाकीच्यांत नुसती लग्नं."

खाली कोपऱ्यात काकूंची स्वतःची ओळ होती. "तेव्हा पोरावर एवढी का रागावली होतीस, म्हणून मी विचारलं. म्हणाली, रागावते कशाला? आपलं माणूस गेल्यावर लगेच कुणाशी काय बोलायचं?"