हळदीच्या पेवातली हवा

काल आमच्या माळावर हळदीचं पेव उघडलं. पेव म्हणजे जमिनीखालची खोल कोठी, महिनोन्‌महिने तोंड लिंपून बंद ठेवलेली. आत हळद श्वास घेत राहते, प्राणवायू संपतो आणि कार्बन डायऑक्साइड तळाशी साचतो. त्याला रंग नाही, वास नाही. नाकाला जाणवतो तो हळदीचा सुगंध. म्हणून तोंड उघडलं की बराच वेळ थांबायचं, कंदील आत सोडून पाहायचा, तो विझला तर कुणी उतरायचं नाही. हे गावात सगळ्यांना ठाऊक आहे.

हळद न्यायला आलेल्या व्यापाऱ्यालाही आहे. तरी तो ओरडत होता, "गाडी खोळंबलीय. उतरा पटापट!"

हमालांपैकी हणमंता मुकाट्याने कमरेला दोर बांधू लागला आणि माझ्या डोक्यात तिडीक गेली. माझे वडील असल्याच घाईत उतरले होते. वर आले ते ओढून काढलेले. त्यांचा मालक आईला म्हणाला होता, "चक्कर आली त्यांना. नशीब, दुसरं काय!"

नशीब! माणसाला थांबू द्यायचं नाही आणि मेला की नशीब.

मी पेवाच्या तोंडाशी जाऊन उभी राहिले. "शेठ, आधी तुम्ही उतरा."

"मी?" त्याने आत डोकावलं आणि झटकन दोन पावलं मागे सरकला.

म्हणजे भीती त्यालाही होती, फक्त स्वतःपुरती. हणमंताने ते पाहिलं. त्याने दोराची गाठ सोडली आणि लिंबाच्या सावलीत जाऊन बसला. मग बाकीचेही एकेक करून त्याच्याशेजारी जाऊन बसले.