चरातलं गवत

आमचं रान पिशोरच्या रस्त्याला लागून. पावसाळ्यात डांबरावरचं पाणी रस्त्याखालच्या मोरीतून उतरायचं अन् आमच्या बांधाकडंनं नदीला पळायचं. इकडं विहिरीत नुसता पाझर, त्याच्यावर मोसंबी कशीबशी जगलेली. रस्त्याच्या कामावरच्या साहेबानं इलाज सांगितला: मोरीपासून चर काढा, शेवटाला दगडवाळूचा खड्डा करा, तिथून गाळलेलं पाणी पाइपानं विहिरीत सोडा. त्या साहेबाची नक्कल मी लई झकास करायचो. कंबरेवर हात, मान वाकडी: "काका, चरात गवत वाढू द्या. गवत माती धरतं." नाना म्हंजे आमचे वडील, पोट धरून हसायचे.

उन्हाळाभर आम्ही दोघांनी खंदलं. दोन सरी पडल्या तसं चरात गवत माजलं.

आता नानांची गावात इज्जत एकाच गोष्टीची. त्यांच्या रानात तण सापडत नाय. पावणे आधी बांध बघायचे, मग माझ्यासाठी आपल्या पोरीचं बोलायचे. (बांध पसंत पडायचा, मी नाय.) रस्त्यानं जाणारा टोमणा मारायचा, काय नाना, यंदा गवताचंच पीक धरलं व्हय? मी म्हणलं, राहू द्या, साहेब सांगून गेलाय. तर नाना म्हणले, "घरी पाणी यायचंय. त्याला काट्याकुट्यातनं आणायचं का?" अन् खुरपं घेऊन बसले. सगळा चर अंगणावानी लख्ख केला.

मघा बरसली. मोकळी झालेली माती पाण्यासंगं निघाली, खड्डा चोंदला, अन् गढूळ लोंढा काठावरनं सरळ विहिरीत. नाना भिजत उभे. विहीर भरली म्हणून खूश.

दिवाळीनंतर पाणी आटलं. खाली गाळ. शेजारच्या रानातले चाचा गाळ वर ओढायची यारी घेऊन आले. गाळ उपसला, खडक लागला, पण झऱ्याच्या भेगा चिकणमातीनं पार बुजलेल्या. होता तो पाझरबी गेला. चाचा वर आले, टोपी झटकली, हळूच बोलले, "भाई, अब इसमें कुछ नै."

नानांनी चाचांना चहा पाजला.

होळीपर्यंत बाग वाळून कोळ झाली. तोडायला माणूस लावू म्हणलं, तर नानांनी स्वतःच कुऱ्हाड घेतली. एका झाडाला खालच्या फांदीवर चार हिरवी पानं होती. मी म्हणलं, हे तरी राहू द्या.

"त्याला काय पाजू?" नाना म्हणले, अन् घाव घातला.