चाक निघालं का?

महाभारताच्या युद्धात अजूनही हस्तक्षेप करता येईल असं मनापासून मानणारा एकच माणूस या भूतलावर उरला आहे आणि तो पौडजवळच्या रिहे गावातला माझा घरमालक आहे. कादंबरी लिहायला निवांत जागा म्हणून मी त्यांची खोली घेतली, तेव्हा कुलूप काढता काढता काका म्हणाले, "सांगून ठेवतो, या खोलीत आजवर चार जन मेलं." मी बॅग परत उचलली. मग कळलं, की आधीचे चारही भाडेकरू पुराणातल्या कथा नव्याने लिहायला आलेले लेखक होते आणि प्रत्येकाने शेवटच्या पानावर आपापला नायक निराशेत संपवला होता. काकांनी चारही पुस्तकं वाचली होती आणि काकूंना न जुमानता चौघांचंही सुतक पाळलं होतं.

माझा नायक म्हणजे ऐन युद्धात ज्याच्या रथाचं चाक रुतलं तो वीर. काका त्याला 'आपला गडी' म्हणत. रोज सकाळी चहा घेऊन येत आणि विचारत, "चाक निघालं का?" मी नियती, आधुनिक माणसाची हताशा वगैरे सुरू केलं की त्यांना माझीच कीव येई. "आख्खी हयात भाताच्या चिखलात गेली माझी. घोडी सोडायची, चाकाखाली पेंढा घालायचा, मागनं रेटायचं. आन् त्यो सारथी काय करतोय? उतर म्हनावं खाली!" सारथी उतरत नाही असं मूळ कथेतच आहे म्हटल्यावर दोन दिवस त्यांनी माझ्याशी अबोला धरला. तिसऱ्या दिवशी माझ्या टेबलाला टेकून एक जाडजूड फळी उभी होती. चाकाखाली घालायला.

एकदा तर त्यांनी बैलगाडी मुद्दाम भाताच्या खाचरात रुतवली आणि मला मागून रेटायला लावलं. चाक हलेना. काकांनी तोंडाशी हात धरून लांब हाक दिली, "होऽऽ!" आसपासच्या खाचरांतून पाच-सहा माणसं कामं टाकून आली, गाडी काढली आणि काही न विचारता परत गेली. "आपल्या गड्यानं हाक मारली का?" काकांनी विचारलं. मी खोलीवर येऊन हस्तलिखित चाळलं. नव्हती मारली. मला फार लाज वाटली.

प्रकाशकांना गडी मेलेलाच हवा होता आणि खरं सांगायचं तर मलाही. तो मेला. पण काकांसाठी म्हणून मरण्याआधी त्याला मी एक हाक मारायला लावली.

छापील प्रत घेऊन गेलो, तेव्हा काकांनी ओसरीवर बसून शेवटचं पान दोनदा वाचलं आणि चष्मा काढला.

"मारली की त्यानं हाक."

"हो."

"आन् कुनीच आलं न्हाई?"

"नाही, काका."

त्यांनी पुस्तक मिटलं आणि खाचराकडे पाहिलं. मग चूक कबूल करावी तसे हळूच म्हणाले, "मी त्या टायमाला पौडला गेलो आसंल. न्हाईतर मला ऐकू आली आसती."